तपासणी रक्ताची, इंजिनाचे काय?

४ जानेवारी १९८७. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात चेस या गावी कॉनरेल कंपनीची जोडलेली तीन डिझेल इंजिने लाल सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली. मागून ॲमट्रॅकची भरधाव प्रवासी गाडी धडकली. १६ माणसे ठार झाली. डिझेल इंजिनावरील चालक आणि ब्रेकमन गांजा ओढून बसले होते, धोक्याची शिटी टेप लावून दाबलेली होती. चालक तुरुंगात गेला. नशेबाज चालकाची वकिली आम्ही करणार नाही.

पण त्याच रुळावरच्या प्रवासी इंजिनात, चालकाने इशारा मानला नाही तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. मालवाहू डिझेल इंजिनात फक्त शिटी! अपघातानंतर ही यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे ती अशक्य नव्हती.

गंभीर अपघातानंतर, संशय असो वा नसो, कामगाराचे रक्त व लघवी तपासण्याचा सरकारी नियम १९८५ चा. कामगार संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी वैध ठरवला. विरोधी निकालपत्र लिहिले ते थरगूड मार्शल यांनी, काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेचे दार उघडणारा १९५४ चा खटला लढवलेले हेच ते वकील. सोबत न्या. ब्रेनन. संकटाच्या नावाखाली हक्क कसे गिळले जातात हे सांगताना मार्शल यांनी दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची आठवण दिली. आमच्या वकील मित्रांनी ते निकालपत्र मुळातून वाचावे.