तव्याला शिक्षा, पाण्याला माफी

‘पीफास’ या मानवनिर्मित, फ्लोरीनयुक्त रसायनांच्या गटाचा विषय निघाला की पहिला बळी जातो तो नॉनस्टिक तवा. कोपरा खरवडलेला दिसला की तो भंगारात जातो आणि घर सुरक्षित झाल्याचे समाधान मिळते. तवा टाकायला हरकत नाही, पण हे समाधान बरेचसे चुकीच्या जागी आहे.

तव्यावरचा थर टेफ्लॉनचा असतो. 1938 साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन अपघाताने सापडले. त्याचा एखादा कण पोटात गेला तरी तो पचत नाही, बहुतांशी तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर मात्र त्याचा धूर खरोखर घातक असतो. पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात. पण खरी गोम टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या पीफास गटातल्या रसायनात होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्यातून ते ओहायो नदीत आणि आसपासच्या विहिरींत उतरले. पुढे खटला झाला, सुमारे 69,000 लोकांचे रक्त तपासले गेले. तज्ज्ञांच्या समितीला मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल अशा सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध दिसला. त्या लोकांच्या अंगात रसायन शिरले ते मुख्यतः नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यातून.

असाच प्रकार इटलीतल्या विचेंझा प्रांतात घडला. त्रिसिनो गावच्या मितेनी कारखान्याने भूजल नासवले. 2013 मध्ये ते उघडकीला आले, तेव्हा तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. मराठी वाचकाला यापुढचा धागा जवळचा आहे. मितेनीची यंत्रसामग्री 2019 मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. म्हणून लोट्याचे पाणी विषारी झालेच, असा निष्कर्ष काढणे हाही गैरसमजच. यंत्रे आल्याने प्रदूषण सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते किंवा खोडले जाते ते सांडपाण्याच्या, विहिरींच्या आणि माणसांच्या रक्ताच्या तपासणीने. ती तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे लोकांसमोर यावेत, ही मागणी कोकणातल्या लोकांनी करणे अगदी रास्त आहे.

हे कोकणाचे दुखणे, आपल्याला काय त्याचे, असे दूर झाशीत बसलेल्या मराठी वाचकाला वाटू शकते. पण झाशीजवळून वाहणारी बेतवा यमुनेला मिळते आणि यमुना गंगेला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गंगा खोऱ्याच्या अभ्यासात नदीच्या आणि जमिनीखालच्या, दोन्ही पाण्यांत पीफास आढळले. कापडावरचा पाणी न धरणारा थर, तेल न शोषणारा खाण्याचा कागद, आग विझवण्याचा फेस अशा कितीतरी वाटांनी ते येते. कारखान्याची चिमणी दिसायलाच हवी असे नाही. म्हणून घाबरून जावे असेही नाही. 2004 मध्ये नऊ देशांतल्या 473 रक्तनमुन्यांची तुलना झाली होती. पीफासपैकीच पीएफओएस हे रसायन अमेरिका व पोलंडच्या नमुन्यांत दर मिलिलिटरला 30 नॅनोग्रॅमहून जास्त होते, तर भारताच्या नमुन्यांत तीनहून कमी, म्हणजे सर्वांत खाली. अर्थात आकडे जुने आहेत आणि त्यानंतर आपला बाजार बराच बदलला आहे.

बुंदेलखंडातल्या किंवा यवतमाळ, चंद्रपूरकडच्या माणसाचा आणखी एक गोंधळ होतो: फ्लोराइड म्हणजेच पीफास. फ्लोराइड खडकातून पाण्यात विरघळते, दात आणि हाडे बिघडवते. पीफास माणसाने बनवलेले असते. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालते. अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओए या रसायनासाठी घातलेली मर्यादा लिटरला चार नॅनोग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या अडीच लाखाव्या हिश्श्याएवढी.

पाणी उकळून काही साधत नाही. वाफ निघून जाते आणि पीफास मागे उरते, उलट दाट होते. आरओ आणि सक्रिय कोळशाची गाळणी उपयोगी पडते, पण कोळसा वेळेवर बदलावा लागतो आणि आरओने टाकलेले पाणी शेवटी कुठेतरी जातेच. बाळंतिणींच्या मनात घातली जाणारी भीती मात्र थांबवायला हवी. आईच्या दुधातून पीफास बाळाकडे जाते हे खरे, पण दुधाचे फायदे मोठे आहेत. म्हणूनच अमेरिकी आरोग्य यंत्रणाही सर्वसाधारणपणे स्तनपान सुरू ठेवायलाच सांगते.

पीफासला दिलेल्या ‘कायमची रसायने’ या नावाने झालेला घोळ वेगळाच. निसर्गात ती टिकून राहतात, पण शरीरातून हळूहळू जातात. पीएफओएचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दोन ते चार वर्षे लागतात. 2000 मध्ये थ्रीएम कंपनीने पीएफओएसचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्यानंतर अमेरिकनांच्या रक्तातले त्याचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक घटले. कुणाच्या स्वयंपाकघरातली भांडी बदलल्याने ही घट झाली नाही.

स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात पीएफओएसवर 2009 मध्ये आणि पीएफओएवर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा ‘बंदी आहेच ना’ असेही ऐकू येते. पण भारताने 2020 मध्ये या कराराच्या वाढीव यादीतली सात रसायने मान्य केली, त्यांत ही दोन्ही नव्हती. आणि ‘पिण्यायोग्य’ असा शेरा असलेला पाण्याचा अहवाल हातात असेल, तर तो कशाच्या आधारे दिला हे पाहावे. 2012 च्या आयएस 10500 या मानकात शिसे आहे, आर्सेनिक आहे, फ्लोराइड आहे. पीफासचा रकानाच नाही.