काविळीची हरळी आणि हैदराबादची लस



हरळी कितीही खुरपली तरी पावसाबरोबर पुन्हा तरारते, कारण तिच्या काशा जमिनीत राहिलेल्या असतात. ‘ब’ प्रकारच्या काविळीचे, म्हणजे हिपॅटायटीस बीचे, असेच आहे.

या रोगाचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की आपल्या वंशद्रव्याचा धागा पेशीच्या केंद्रकात ठेवून देतो. आपल्या वंशद्रव्याप्रमाणे हा धागाही प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळला जातो. गुंडाळी मोकळी असली तर धाग्यावरचे हुकूम वाचले जाऊन नवे विषाणू तयार होतात. घट्ट आवळली तर धागा मुका राहतो.

पेशीत ‘एसएमसी ५/६’ हा प्रथिनांचा गट राखणदारासारखा असतो. परका धागा सापडला की तो त्याला गप्प करतो. पण विषाणूजवळ ‘एक्स’ नावाचे एक छोटे प्रथिन आहे. ते पेशीतील टाकाऊ प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडूनच राखणदाराचा नाश करवते. मग विषाणूला रान मोकळे! २०१६ साली शास्त्रज्ञांनी ही युक्ती उघडकीस आणली. एक्सला अडवणाऱ्या औषधांचा शोध आता चालू आहे.

आजच्या गोळ्या खुरप्याचे काम करतात. त्या विषाणूची वाढ रोखतात आणि यकृत वाचवतात, पण काशा बहुधा राहतातच. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळ्या बंद करू नयेत. झाडपाल्यावर विसंबून वेळ दवडू नये. दुर्लक्ष झाल्यास पुढे यकृत निकामी होण्याचे किंवा कर्करोगाचे भय असते.

खरा उपाय म्हणजे काशी रुजूच न देणे. पूर्वी यावरची लस परदेशातून येई आणि ती गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने, वरप्रसाद रेड्डी यांच्या पुढाकाराने, यीस्टच्या साहाय्याने तयार केलेली देशी लस स्वस्तात बाजारात आणली. आता सरकारी लसीकरणात ती बाळांना मोफत मिळते.

बाळाला ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचावी. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी पंचगुणी लसीतून मिळतात. घाई का? जन्मतः लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांत हा रोग कायमचा ठाण मांडतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण १०० मध्ये ५ हून कमी आहे. म्हणून गरोदर स्त्रीची रक्ततपासणी अवश्य करावी.

हा रोग रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. दुसऱ्याला वापरलेली सुई, वस्तरा, गोंदण्याचे किंवा कान टोचण्याचे हत्यार टाळा. एका ताटात जेवल्याने किंवा एकत्र काम केल्याने तो होत नाही. तेव्हा घरच्या सुनेला लागण निघाली तर तिचे ताट वेगळे मांडू नका. तिला दवाखान्यात न्या, आणि घरातल्या सर्वांनी तपासणी करून घ्या.