पोरगा परत आलाय, पण रिकाम्या हाताने नाही

दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटले तरी पोरगा कामावर जायचं नाव काढीना, तेव्हा बापाच्या मनात पाल चुकचुकली. विचारलं तर "सुट्टी वाढवून घेतलीय" एवढंच उत्तर. खरं काय ते सोसायटीच्या सचिवाकडून कळलं. पोराने तिथं जाऊन जमिनीवर किती कर्ज मिळेल याची चौकशी केली होती.

पारनेर तालुक्यातल्या एका कांदा पिकवणाऱ्या गावातली ही गोष्ट. नाव कशाला सांगायचं? असा एखादा पोरगा तुमच्याही आळीत असेल. आयटीआय केलेला, चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं मशिनच्या देखभालीवर होता, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. मागणी घटली आणि एका शनिवारी ठेकेदाराने पोरांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. ना नोटीस, ना हिशेब.

बाप मला बाजाराच्या दिवशी भेटला. म्हणाला, "भाऊ, रस्त्याकडेचा एक एकर विकतो आणि त्याला हॉटेल टाकून देतो. पोरगं नुसतं बसून खचायला लागलंय. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "एकर विकायला कधीही येतो. परत घ्यायला येत नाही. आधी तीन महिने थांबा आणि मी सांगतो तो हिशेब करा."

तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. कारण चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठल्याही वसाहतीत काम थांबलं की त्याची झळ शेवटी गावातल्या घरालाच लागते.

वाट पाहण्यात वर्षं जातात

आपल्या भागाला हे नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पारनेर, जुन्नर, सातारा, कोकण, सगळीकडे गिरणीवाले गावी परतले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. "गिरणी आज सुरू होईल, उद्या सुरू होईल" म्हणून कित्येकांनी वर्षं घालवली. जुन्या माणसांना विचारा. ज्यांनी लवकर मनाला सांगितलं की आता दुसरं काही बघायचं, त्यांचे संसार त्यातल्या त्यात सावरले.

दुसरी चूक याच्या उलट. काम सुटलं की आठ दिवसांत घाईने दुकान टाकायचं. गाठीचे पैसे, बायकोचे दागिने, बापाची जमीन सगळं एका शटरमागे घालायचं. शेजाऱ्याचं हॉटेल चालतं म्हणून आपलंही चालेल, हा हिशेब नव्हे. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी हक्काचे पैसे, मग नोकरीचा शोध, आणि त्याच्याच जोडीने धंद्याची चाचपणी.

आधी हक्काचं घ्या

ठेकेदाराचा माणूस होतो, मला काही मिळत नाही, असं पोरं धरून चालतात. तसं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कारखानदाराला तो द्यावा लागतो. हे तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्यापासूनचं आहे.

एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा, हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो राहिला आहे.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे. पाच वर्षं सेवा झाली असेल तर शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. समजा ही रक्कम १३ हजार आहे आणि सेवा ७ वर्षं. तर ५२ हजार ५०० रुपये होतात. एक गाय येईल एवढे पैसे आहेत ते. सोडायचे कशाला?

आता पुरावा. आमच्या या पोराच्या सात वर्षांत ठेकेदाराचं नाव तीनदा बदललं. काम तेच, मशिन तेच, गेट तेच, पण कागदावर मालक वेगळा. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक कामाला येतं. कोणत्या महिन्यात कोणत्या नावाने पैसे भरले ते त्यात दिसतं. तीन ठिकाणची खाती एकाच यूएएन क्रमांकाखाली जोडून घ्या. सगळे पैसे काढायची घाई करू नका, कारण पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते आणि उद्या दुसरी नोकरी लागली तर मागची वर्षं त्यात धरता येतात. ईएसआय कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचीही चौकशी करा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आहे, म्हणून आज ती चालू आहे का, हे ईएसआयच्या शाखेतच विचारा.

हिशेब मिळाला नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा बरोबर सुटलेल्या पाच-दहा जणांनी मिळून जावं. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

नोकरी शोधायची ती अशी

घरात बसून फोनवर जाहिराती बघणं म्हणजे नोकरी शोधणं नव्हे. एका वहीत तीन रकाने आखा. कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळालं. पहिल्यांदा जायचं ते ओळखीच्या सुपरवायझरकडे. तोही आता दुसऱ्या कंपनीत असेल आणि तुमचा हात त्याने पाहिलेला आहे. कारखान्यांत बरीच माणसं अशी ओळखीवरच लागतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी जे जुनं सेवायोजन कार्यालय होतं, तेच आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालं आहे. तिथं नाव नोंदवा, रोजगार मेळाव्यांची तारीख विचारा. कंपनीतून अनुभवाचा दाखला आणि पगाराच्या पावत्या आधीच मागून ठेवा. "ऑपरेटर" एवढंच लिहून चालत नाही. कोणतं मशिन, किती वर्षं, काय दुरुस्त्या केल्या, हे चार ओळींत लिहा.

आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा. नोकरी लावतो म्हणून जो आगाऊ पैसे मागतो, तो नोकरी लावत नाही. मग तो नात्यातला असो की पुढाऱ्याच्या मागे फिरणारा.

गाव बाहेरून काय विकत आणतं?

आता धंद्याकडे येऊ. त्या पोराला आणि बापाला मी एक काम सांगितलं. गावातला पैसा कोणत्या कामासाठी तालुक्याला जातो, त्याची यादी करा. दोघं आठ दिवस हिंडले. ट्रॅक्टरच्या अवजारांचं वेल्डिंग, ठिबकच्या फिल्टरची दुरुस्ती, हळद-मिरची दळणं, डाळ भरडणं अशी यादी झाली. पण सगळ्यांत वर आली ती पंपाची मोटार.

तुम्हीच आठवून बघा. रब्बीत विजेचा दाब कमी होतो, पाणबुडी मोटार जळते. ती विहिरीतून किंवा बोअरमधून वर काढायची, तालुक्याला न्यायची, तिथं आधीच रांग. चार-पाच दिवस जातात. तेवढ्यात कांद्याची पात मान टाकते. त्या एका वाडीत मागच्या हंगामात डझनभर तरी मोटारी जळाल्या होत्या. आणि पोरगा सात वर्षं मोटारी आणि पॅनेलचंच काम करत होता! ही गोष्ट त्याच्या आणि बापाच्या आठ दिवसांपूर्वी ध्यानातही आली नव्हती. दोघांच्या डोक्यात फक्त हॉटेल होतं.

म्हणून म्हणतो, कारखान्यातून परतलेल्या पोराने काहीतरी कमावून आणलेलं असतं. वेल्डर असेल तर वेल्डिंग, तपासणीवर असेल तर मापात काम करण्याची सवय, स्टोअरला असेल तर हिशेब आणि साठा. धंदा निवडताना आपल्या हाताला काय येतं आणि गावाला काय लागतं, या दोन्हींचा मेळ बसला पाहिजे.

तरीही तो लगेच दुकान टाकायला धावला नाही. कारखान्यातली मोटार वेगळी आणि विहिरीतली वेगळी. दोन महिने तो तालुक्याच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे नुसत्या खर्चीवर राहिला. कोणाला हे कमीपणाचं वाटेल. पण शिकायला लागलेले हे दोन महिने एक एकर विकण्यापेक्षा स्वस्तच पडले.

ज्यांना असा उस्ताद मिळत नाही, त्यांच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरे इथं १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेची. आज बँका जिल्ह्याजिल्ह्यात त्या चालवतात. ग्रामीण तरुणांना शिकणं, राहणं, जेवण मोफत. आपल्या जिल्ह्यातली संस्था कुठे आहे ते अग्रणी बँकेत विचारा.

सबसिडी हातात पडत नाही

कर्जाबद्दल गैरसमज फार. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्याच्या २०२२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान ठरलं. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के.

पाच लाखांचा प्रकल्प धरा. सर्वसाधारण गटातल्या तरुणाने ५० हजार घालायचे, साडेचार लाख बँक देते. अनुदानाचे सव्वा लाख बँकेतच त्याच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतात आणि धंदा नीट चालू असेल तर मग कर्जात वळते होतात. म्हणजे पहिल्या महिन्यापासून हप्ता आपल्या गल्ल्यातूनच निघाला पाहिजे. सबसिडीवर डोळा ठेवून जो धंदा निवडतो, तो तीन वर्षांच्या आतच अडकतो. अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आजचा नियम काय आहे, कोणती योजना चालू आहे, हे स्वतः विचारा. उद्यम नोंदणी २०२० पासून आधार क्रमांकावर मोफत होते. सरकारची त्याला फी नाही.

आणखी एक. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी किंवा वेल्डिंग चालवू नका. व्यवसायाची वेगळी जोडणी घ्या. एकदा पकडले गेलात की दंड भरण्यात वर्षाची कमाई जाते.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि सोसायटीच्या संचालकांना विनंती. असा पोरगा नमुना ८ चा उतारा किंवा येणे बाकी नसल्याचा दाखला मागायला आला तर त्याला चार हेलपाटे घालायला लावू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने या दाखल्यांना मुदत घालून दिली आहे. ग्रामपंचायतीचा गाळा रिकामा असेल तर लिलावाची दवंडी नीट फिरू द्या, म्हणजे त्यालाही बोली लावता येईल. १ मेच्या ग्रामसभेत वर्षभरात कोण काम सोडून परतलं आणि कोणाला काय काम येतं, याची यादी वाचा. त्यासाठी खर्च येत नाही.

आणि आपण गावकरी? गावातलं दुकान बुडतं ते बऱ्याचदा उधारीने. तालुक्याच्या दुकानदाराला आपण रोख मोजतो आणि गावातल्या पोराला म्हणतो, "कांदा विकला की देतो." भाऊबंदांत त्याला मागायची लाज वाटते आणि आपल्याला द्यायची आठवण होत नाही. "कंपनीने काढला म्हणून आलाय" असं पारावर बोलणं त्याहून वाईट. ठेकेदाराने माणूस कमी केला, यात त्याची अब्रू जायचं कारण काय?

तो पोरगा आज काय करतो, ते सांगून थांबतो. घराशेजारच्या पडवीत त्याने मोटार रिवाइंडिंग सुरू केलं. त्यात त्याची साठवण गेली, जमीन गेली नाही. हंगामात त्याला जेवायला फुरसत नसते. पावसाळ्यात चार महिने काम जवळजवळ बंद, तेव्हा तो दूध शीतकरण केंद्रात मशिनच्या देखभालीला जातो. चाकणएवढे पैसे दर महिन्याला मिळत नाहीत, हे तो लपवत नाही. ठेकेदाराविरुद्धचा अर्ज अजून चालू आहे.

बाप परवा भेटला. म्हणाला, "एकर आहे जागेवर. यंदा कांदाच लावलाय."

तुमच्या आळीत कोणी परत आलं असेल तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. "कधी जाणार परत?" हे विचारू नका. "तुला कोणतं काम येतं?" हे विचारा.