चौकट : पुनरावलोकन मंडळात रुग्णाची जागा

29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 अन्वये स्थापन होणारे पुनरावलोकन मंडळ, म्हणजे मानसिक रुग्णांच्या हक्कभंगाच्या तक्रारी ऐकणारी अर्धन्यायिक यंत्रणा, सहा सदस्यांचे असते. कलम 74 नुसार त्यांपैकी दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या अथवा स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. या पर्यायी रचनेत मोठी खोट आहे, कारण आजार स्वतः भोगलेली एकही व्यक्ती नसतानाही मंडळ कायदेशीर ठरू शकते. रुग्णाला, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला किंवा, रुग्णाची संमती असल्यास, नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला मंडळाकडे अर्ज करता येतो आणि त्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही.