महाविद्यालयीन मैदानापासून व्यावसायिक फुटबॉलपर्यंत

महाविद्यालयाच्या संघात चमकणाऱ्या युवकाला आणि त्याच्या आईवडिलांना एक प्रश्न हमखास पडतो : फुटबॉलवर उपजीविका होईल काय? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांतील युवकांसाठी या वाटेची ही थोडक्यात ओळख.

जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विभागीय संघ, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असा क्रम आहे. दुसरी वाट जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून राज्य संघाकडे व १९४१ पासून खेळल्या जाणाऱ्या संतोष करंडकाकडे जाते. व्यावसायिक करारासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे खेळाडूची नोंदणी आवश्यक असते. गावच्या स्पर्धेत कितीही गोल केले, तरी या पायऱ्या टाळता येत नाहीत.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुंबईच्या राहुल भेके याला मात्र वाट पाहावी लागली. मुंबई एफ. सी. पासून निरनिराळ्या क्लबांतून खेळत त्याने मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूचा विजयी गोल केला. त्याच वर्षी जूनमध्ये, २८ व्या वर्षी, तो भारताच्या वरिष्ठ संघातून प्रथम खेळला. २०२४ साली त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबई सिटीने हा चषक जिंकला. लवकर निवड झाली नाही म्हणजे दार कायमचे बंद झाले, असे नव्हे.

तरीही पालकांनी सावध असावे. करार मर्यादित मुदतीचे असतात. एखादी दुखापत सारे थांबवू शकते. २०२५ मध्ये तर व्यवहाराच्या वादामुळे इंडियन सुपर लीगच लांबणीवर पडली आणि अनेक खेळाडूंची उपजीविका टांगणीला लागली. म्हणून पदवी अर्धवट सोडू नये. राज्य शासनाच्या नोकरभरतीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूच्या आत्मसंयमनाचा दाखला दिला आहे. तो संयम मैदानावर लागतो, तसाच अभ्यासाच्या टेबलाशीही लागतो. आपल्या धर्मग्रामातील युवक संघांनी होतकरू मुलामुलींना निवड चाचण्यांची माहिती वेळेवर पोहोचविली, तर केवळ अज्ञानामुळे कोणाची संधी हुकणार नाही.