सलामीच्या पराभवानंतर सुधारावे काय?

महाविद्यालयीन संघ पहिला सामना हरला की दोष बहुधा दमसासाला दिला जातो. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या सलामीला भारत अमेरिकेकडून ०-३ असा हरला. ते तिन्ही गोल निराळीच कारणे सांगतात: पहिला पेनल्टीवर, दुसरा कॉर्नरवर, तर तिसरा अन्वर अलीचा फटका क्रॉसबारवर आदळल्यानंतरच्या प्रतिहल्ल्यात. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने कॉर्नरवरच हेडरने बरोबरी साधली. कोणत्याही वयोगटाच्या फुटबॉल विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. मात्र जल्लोष ओसरण्याआधीच कोलंबियाने विजयी गोल डागला. तेव्हा गणेशगुडी असो वा मडगाव, निव्वळ धावण्यातला थोडा वेळ कॉर्नरच्या बचावाला द्यावा. संघ पुढे सरसावला असता मागे कोण थांबणार, हेही नावानिशी ठरवावे.