उथळ: नदीपासून शेतापर्यंत

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण सगळ्यांना पाठ असते. पण 'उथळ' म्हणजे फक्त बढाईखोर नव्हे! विचार, लेखन, अभ्यास उथळ असला की ती टीकाच. पण नदीचं पात्र उथळ असलं तर गुरं पलीकडे नेता येतात.

मला सर्वात आवडतो तो शेतातला वापर. उथळ जमीन म्हणजे थोडीशी माती, लगेच खाली मुरूम. पाऊस झाला तरी ओल टिकत नाही, मुळं खोल जात नाहीत. म्हणून रब्बी ज्वारीचं वाणही जमिनीची खोली बघून निवडतात. हलक्या, उथळ रानाला 'फुले अनुराधा'. इथे 'उथळ' शब्दात दोषारोप नाहीच, नुसतं मोजमाप आहे.

तुमच्याकडे अशा जमिनीला काय म्हणतात? जरूर सांगा.